सीमाभागात आरोग्याचा सर्व्हे करायचाय? आधी विचारायचं कसं ते ठरवा

दरवर्षी कोण ना कोण विचारतंच. एमपीएचची म्हणजे पब्लिक हेल्थची पोरं, समाजकार्याचे एमएसडब्ल्यूवाले, नर्सिंगच्या पोरी, आता तर पुण्यातले पीएचडीवाले पण, की बेळगाव भागात मराठी आणि कन्नड लोकांच्या आरोग्यात काय फरक आहे ह्याच्यावर काम करायचंय, सुरुवात कुठनं करू? विषय ऐकायला झकास आहे. जिल्हा एक, सरकार एक, सरकारी दवाखाने तेच, भाषा तेवढ्या दोन-तीन, मग फरक निघाला की तो संस्कृतीचा, असा सरळ हिशोब डोक्यात असतो. हा हिशोब इथं चालत नाही. कागदावर जो फरक दिसतो त्यातला बराचसा तुम्ही कुठल्या भाषेत विचारलं, कुणाला पाठवलं, कुठल्या महिन्यात गेलात आणि माणूस उपचाराला सीमेच्या कुठल्या बाजूला जातो ह्यातनं आलेला असतो. तेवढा बाजूला काढायची सोय आधीच करून ठेवा, मग जे उरेल त्याला खुशाल फरक म्हणा.

मराठी लोक म्हणजे कोण?

बेळगाव जिल्हा लहान नाही. २०११ च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजार माणसं होती. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीचं जंगल, धो धो पाऊस, भात आणि नाचणी. मलप्रभा नदी तिथंच उगवते आणि सौंदत्ती-रामदुर्गकडं जाईस्तोवर मुलूख कोरडा होऊन जातो, ताटात जोंधळ्याची भाकरी येते. वर अथणी, रायबाग, चिकोडी म्हणजे कृष्णाकाठ आणि ऊसच ऊस. निपाणी म्हटलं की तंबाखू. आता मराठी बोलणारी गावं जास्त करून खानापूर, बेळगाव आणि निपाणी ह्या बाजूला, आणि सौंदत्ती-रामदुर्गकडं जवळजवळ सगळं कन्नड. म्हणजे जिल्ह्याची यादी घेऊन मराठी एका बाजूला, कन्नड एका बाजूला अशी तुलना केलीत की तुम्ही खरं तर भात आणि भाकरी, जंगल आणि माळ, पावसाचं पाणी आणि कॅनॉलचं पाणी ह्यांची तुलना करून बसता आणि वर लिहिता की मराठी भाषिकांमध्ये रक्त कमी. भाषेचा त्यात काय संबंध?

ह्याच्यावर उपाय एकच, एकाच गावात दोन्ही भाषेची घरं असतील अशी गावं निवडायची. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी ह्या तालुक्यांत अशी गावं बक्कळ आहेत. तिथं पाणी एक, रेशन दुकान एक, आशाताई एक. मग त्याच गावात शेती असलेली मराठी घरं आणि शेती असलेली कन्नड घरं, मजुरीवरची मराठी आणि मजुरीवरची कन्नड अशी जोडी लावून बघा. एवढं केलं की निम्मे फरक तिथंच गळून पडतात. पडले तर पडू देत, तो पण निष्कर्षच आहे, गाईडला तो आवडणार नाही हा भाग वेगळा.

आणि दोनच गट धरून बसू नका. घरात उर्दू बोलणारी मुस्लिम घरं आहेत, ती बाहेर मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईनं बोलतात. खानापूरला कोकणी आहे, गवळी धनगरांचे वाडे आहेत, सिद्दी आहेत. सिद्दींचं मूळ आफ्रिकेतलं, उत्तर कन्नड जिल्ह्याच्या हल्याळ-यल्लापूर भागात ते जास्त, खरं बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीच्या यादीत जागा मिळाली ती २०२० मध्ये. अशा लहान गटाचे पाच-पंचवीस लोक तुमच्या नमुन्यात येतील आणि तुम्ही त्यांना इतर मध्ये टाकाल. टाकू नका. एक तर त्यांच्यासाठी वेगळा अभ्यास करा, नाहीतर स्पष्ट लिहा की हा गट आमच्या अभ्यासात नाही.

मातृभाषा हा प्रश्न फॉर्मातनं काढा

मातृभाषा कुठली असं विचारलं की समोरचा आधी तुमच्या तोंडाकडं बघतो. हा कोण, सरकारचा का संघटनेचा, कुठल्या बाजूनं लिहायला आलाय? १९५६ ला राज्यं झाली तेव्हापासनं हा प्रश्न इथं आरोग्याचा कधी नव्हताच. त्यामुळं जे उत्तर मिळतं ते माणूस कुठल्या बाजूचा ते सांगतं. दवाखान्यात त्याला काय समजतं हे त्यातनं कळत नाही, आणि तुम्हाला तर तेच पाहिजे.

त्यापेक्षा बारीक बारीक विचारा. आईशी कशात बोलता, बायकोशी किंवा नवऱ्याशी कशात, पोरं आपापसात कशात भांडतात, शेतात गड्यांशी काय, बाजारात काय, डॉक्टरशी काय, शाळा कुठल्या माध्यमात झाली, वाचता काय येतं, लिहिता काय येतं, आणि पैसे मोजताना मनात आकडे कुठल्या भाषेत येतात. हा शेवटचा प्रश्न लोकांना आवडतो, हसतात, आणि उत्तर एकदम खरं देतात. बघता बघता तुमच्या लक्षात येईल की एकाच बाईचं माहेर कन्नड, सासर मराठी, शेजार उर्दू, शाळा मराठी चौथीपर्यंत आणि दवाखाना पूर्ण कन्नड. तिला कुठल्या रकान्यात घालणार?

तायी कार्ड हे ह्याचं चांगलं उदाहरण. गरोदरपणात कर्नाटकात हे कार्ड मिळतं, बाया ते रेशन कार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवतात. आतला मजकूर कन्नडमध्ये. मराठी शाळेत शिकलेल्या पोरीला तो वाचता येत नाही, खरं कार्ड उघडून वजन किती, हिमोग्लोबिन किती, पुढची तारीख कधी हे ती बरोबर बोट ठेवून दाखवते कारण आकडे कळतात आणि कुठल्या ओळीत काय असतं ते नर्सबाईंनी सांगितलेलं पाठ झालेलं असतं. आता तुम्ही विचारलंत, कार्डावरची माहिती वाचता येते का, तर ती होय म्हणणार आणि तिच्या बाजूनं ते बरोबरच आहे. धोक्याची लक्षणं लिहिलेलं पान मात्र तिनं कधीच वाचलेलं नसतं. म्हणून वाचता येतं का असं विचारू नका. कार्ड तिच्याच हातात ठेवा आणि हे काय लिहिलंय ते मला सांगाल का असं विचारा.

भाषेच्या बाबतीत एक जुनं काम माहीत असू द्या. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये गम्पर्झ आणि विल्सन ह्या दोघांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये छापून आला. त्या गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू चारही भाषा शेकडो वर्षं शेजारी नांदत होत्या, आणि त्यांना असं दिसलं की वाक्यांची घडण एकमेकांजवळ इतकी सरकली आहे की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत जातं. तरी शब्द मात्र ज्याचे त्याचे, घरातली भाषा ज्याची त्याची. आपल्या कामाला ह्याचा उपयोग असा की इथं घरची भाषा म्हणजे माणूस कुणाचा हे सांगणारी गोष्ट, आणि समजणं-न समजणं ही त्याच्यापासनं वेगळी गोष्ट. फॉर्मात दोन्हीला वेगळी जागा पाहिजे.

प्रश्नावली: इथं सगळ्यात जास्त वेळ घालवा

नेहमीची पद्धत अशी असते की इंग्रजी प्रश्नावली एकाला देऊन मराठी करून घ्यायची, दुसऱ्याला देऊन परत इंग्रजी करायला लावायची आणि दोन्ही इंग्रजी जुळली की झालं. इथिक्स कमिटीला पण एवढं पुरतं. अडचण एवढीच की दोघेही कॉलेजातले असतात. एकानं नैराश्यग्रस्त लिहिलं, दुसऱ्यानं त्याचं बरोबर डिप्रेस्ड केलं, जुळलं की! आणि मधे बसलेल्या आजीला त्यातलं अक्षर कळालेलं नाही.

पीएचक्यू-९ घ्या, उदासी मोजायचे नऊ प्रश्न, २००१ पासनं जगभर वापरात आहेत. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, अजिबात नाही, काही दिवस, निम्म्यापेक्षा जास्त दिवस, जवळजवळ रोज, अशी चार उत्तरं. इथल्या म्हाताऱ्या बाईला निम्म्यापेक्षा जास्त दिवस हा हिशोब लागत नाही, ती आपली गप्प बसते किंवा होतंय की मधनं मधनं म्हणते, आणि आपला पोरगा काही दिवस वर टिक करून मोकळा होतो. गावच्या बाजाराचा दिवस धरून विचारलं तर जमतं. मागच्याच्या मागच्या बाजारापासनं आजपर्यंत, रोज असं व्हायलं होतं की एखाद-दुसऱ्या दिवशी? दोन आठवडे जवळपास भरतात आणि तिला पण धागा सापडतो. हताश, निरुत्साही असले शब्द काढा, त्याच्या जागी मन कशात लागंना, काय करूच वाटंना, जीव घाबरा होतो, असं ठेवा. खरं हे तुम्ही तुमच्या मनानं ठेवू नका. गावातल्या चार-सहा जणांना, बाया-गडी दोन्ही, प्रश्न वाचून दाखवा आणि म्हणा, मी काय विचारलं ते तुमच्या शब्दात मला परत सांगा. जे परत येईल ते ऐकून धक्का बसेल, पण शब्द तिथनंच मिळतात. आणि शब्द बदलले की जुना कट-ऑफ, म्हणजे किती गुणांच्या पुढं उदासी धरायची तो आकडा, आपोआप लागू होत नाही हे पण ध्यानात ठेवा, थोड्या लोकांना मानसोपचारतज्ज्ञाकडनं तपासून घेऊन जुळवावं लागतं. शेवटचा प्रश्न जीव द्यावासा वाटण्याचा आहे, त्याला कोणी होय म्हणालं तर पुढं काय करायचं, कुणाला फोन लावायचा, हे पहिल्या मुलाखतीच्या आधी ठरलेलं पाहिजे.

तंबाखूचा प्रश्न तर हमखास फसतो. तंबाखू खाता का म्हणून बाईला विचारलं की ती नाही म्हणते, कारण ती खात नाहीच. मिश्री लावता का विचारा, लगेच होय, सकाळी उठल्यावर आणि जेवल्यावर. तिच्या लेखी ते दात घासणं. देशपातळीवरच्या गॅट्स ह्या तंबाखूच्या सर्व्हेत मिश्रीचं नाव वेगळं घेतलेलं असतं ते उगीच नाही. निपाणीकडं काम करत असाल तर आणखी पुढं जाऊन विचारा, कारण तिथं बाया तंबाखूच्या वखारीत काम करतात, दिवसभर धूळ नाका-तोंडात जाते, शेतात ओल्या पानांना हात लागून मळमळ होते. तंबाखू वापरता का ह्या एका प्रश्नात त्यातलं काही येत नाही. निपाणी म्हणजे १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन झालं ते गाव, दर आणि मजुरी ह्यावर लोक तासभर बोलतील. बोलू देत. खोकल्याची गोष्ट त्यातनंच निघते. फक्त तुकड्यावर मजुरी असलेल्या बाईला कामाच्या वेळी थांबवू नका, तुमच्या वीस मिनिटांचे पैसे तिच्या हप्त्यातनं जातात.

कन्नडचं काय? सगळ्यात मोठा घोळ असा होतो की मराठी टीम वेगळी बसते, कन्नड टीम धारवाडला वेगळी बसते आणि दोघं इंग्रजीवरनं आपापलं करतात. एक अंगावरनं पांढरं जातंय का असं सरळ विचारतं आणि दुसरं पुस्तकी शब्द टाकतं. मग एका भाषेत तक्रार जास्त निघते आणि पेपरात लिहिलं जातं की ह्या समाजातल्या स्त्रिया बोलक्या आहेत! दोन्ही भाषेचे लोक एका टेबलाला बसवा, प्रश्न दोन्हीत एकाच उंचीचे ठेवा, म्हणजे एकात साधा तर दुसऱ्यात पण साधा. एखादा प्रश्न एका भाषेत बसतच नसेल तर इंग्रजीचं मूळ बदला. त्याला काय सोनं लागलेलं नाही.

दुभाषी माणसं म्हणजे घबाड

हे कुणी फारसं करत नाही म्हणून सविस्तर सांगतो. इथं दोन्ही भाषा सारख्या येणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, दुसऱ्या जिल्ह्यातल्या संशोधकाला हे सुख मिळत नाही. मुख्य सर्व्हेच्या आधी अशी माणसं गोळा करा, त्यांची परवानगी घ्या की मुलाखत कुठल्या भाषेत होईल ते चिठ्ठी टाकून ठरणार आहे, आणि चिठ्ठीप्रमाणं निम्म्यांना मराठीत विचारा, निम्म्यांना कन्नडमध्ये. माणसं तशीच, गावं तीच, भाषा तेवढी नशिबानं ठरलेली. आता समजा उदासीचा सरासरी स्कोअर मराठीत ७ आला आणि कन्नडमध्ये ५, तर हा दोनचा फरक लोकांमधला नाही, तुमच्या दोन फॉर्ममधला आहे. पुढं मुख्य सर्व्हेत मराठी गट दोननं वर दिसला तर तुम्ही उड्या मारणार नाही.

एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही भाषेत विचारायचा मोह होतो, ते नको, पहिली उत्तरं आठवून तीच सांगतात. आणि दुभाषी माणूस हा एकच भाषा येणाऱ्यापेक्षा जरा जास्त फिरलेला, बाजार बघितलेला असतो, त्यामुळं एकभाषी म्हातारीला सुद्धा तोच प्रश्न तसाच कळेल असं धरू नका, तिच्यासाठी ते परत सांगायला लावणं आहेच. संख्याशास्त्रवाला ओळखीचा असेल तर त्याला म्हणा की एकेका प्रश्नाचं वागणं दोन्ही भाषेत सारखं आहे का ते तपासून दे, त्याला पद्धत माहीत असते.

नमुन्याचं थोडक्यात. सगळ्यांना ३८४ हा आकडा पाठ असतो, पाच टक्के इकडं-तिकडं चालेल असं धरून येतो तो. तो आकडा एका गटाचा आहे, आणि तो पण चिठ्ठ्या टाकून सुटी सुटी माणसं निवडली तर. तुम्ही गावं निवडून गावातली घरं घेणार, शेजाऱ्याची उत्तरं शेजाऱ्यासारखी असतात, म्हणून साधारण दुप्पट धरतात, ७६८. आणि हे प्रत्येक भाषिक गटाला. झेपत नसेल तर गट कमी करा, प्रश्न लहान करा.

दवाखाना सीमेपलीकडं

फक्त इथल्या पीएचसीची, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची, रजिस्टरं घेऊन कुठल्या समाजात आजार किती हे काढायला जाल तर फसाल. निपाणीचा माणूस कोल्हापूरला सीपीआर ह्या सरकारी हॉस्पिटलात जातो, अथणी-कागवाडचा मिरजेला, खानापूरच्या खालच्या अंगाचा गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात. मराठी घरांची सोयरीक चंदगड, गडहिंग्लज, कागलकडं असते, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे ते बाळ कोल्हापूर जिल्ह्याच्या रजिस्टरात जन्मतं. कर्नाटकच्या आकड्यात ह्या घरांमध्ये आजार पण कमी आणि बाळंतपणं पण कमी दिसणार. तब्येत ठणठणीत असल्यामुळं नव्हे, नोंद पलीकडं झाल्यामुळं. त्यात २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, त्यावरनं बरंच राजकारण तापलं. तेव्हा कुठल्या योजनेतनं उपचार घेतला हा प्रश्न इथं साधा नाही, तो मुलाखतीच्या शेवटाला ठेवा आणि आधी गेल्या आजारपणात पहिल्यांदा कुठं गेला, तिथनं कुठं, मग कुठं, खर्च कुणी केला, असा पायरीपायरीनं रस्ता काढून घ्या.

ह्या रस्त्यात देवरुषी येईल, काविळीचं गावठी औषध देणारा येईल, सौंदत्तीच्या यल्लम्माला बोललेला नवस येईल, आणि मोठ्या हॉस्पिटलातला एमआरआय पण त्याच घरातला असेल. चेहरा सरळ ठेवून लिहून घ्या. यल्लम्माच्या डोंगरावर भंडारा उधळणारी माणसं कर्नाटकातली पण असतात आणि महाराष्ट्रातली पण, तेव्हा श्रद्धेची वाटणी भाषेवरनं करायला जाऊ नका, होत नाही. आर्थर क्लाइनमन ह्या डॉक्टर-मानववंशशास्त्रज्ञानं आठ प्रश्न दिलेत, त्याचा इथं फार उपयोग होतो: ह्या दुखण्याला तुम्ही काय म्हणता, कशानं झालं वाटतं, तेव्हाच का सुरू झालं, शरीरात ते काय करतं, किती दिवस राहील, भीती कशाची वाटते, अशा अंगानं. आठच्या आठ घोकून विचारू नका, गप्पांत पसरून टाका. देवदासी प्रथेचा विषय मात्र पहिल्या भेटीत काढू नका. १९८२ च्या कायद्यानं ती प्रथा बंद झाली, त्या बाया म्हाताऱ्या झाल्या, आणि सर्व्हेवाल्यांनी एचआयव्हीच्या नावानं त्यांना आधीच पुष्कळ छळलंय.

काही आजारांना भाषा, राज्य काहीच कळत नाही. माकडताप म्हणजे केएफडी, १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, गोचिडीतनं पसरतो. २०१५ ला गोव्यात सत्तरीत होता, २०१६ ला सिंधुदुर्गात दोडामार्गला. खानापूरची माणसं काजूच्या हंगामाला ह्याच पट्ट्यात कामाला जातात. असल्या आजाराचा अभ्यास करायचा तर भाषिक गट राहू देत बाजूला, जंगलात कोण, कधी, कुठल्या कामाला जातो ते विचारा.

कधी जायचं, कोण जाणार

भात लावणीत खानापूरला जाऊ नका, सुगीत कुठंच जाऊ नका. ऊसतोडीच्या दिवसात गावात बाहेरच्या टोळ्या असतात, त्यांना धरायचं की नाही ते आधी ठरवा. गावात लक्ष्मीची यात्रा असेल तर आठवडाभर पाव्हणेच पाव्हणे, जेवणाचा सर्व्हे त्यात वाया जातो, कालच्या चोवीस तासांत काय खाल्लं ह्याला उत्तर मटण आणि गोडधोड. एकादशी, अमावस्या, सोमवार बघून घ्या, जैन घरात संध्याकाळनंतर जेवत नाहीत म्हणून रात्रीच्या जेवणाचा प्रश्न तिथं वेगळा. आणि नोव्हेंबर-डिसेंबर! एक नोव्हेंबरला एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं काळा दिन, नंतर बेळगावात विधानसभेचं अधिवेशन. ह्या दिवसांत हातात फॉर्म घेऊन भाषा विचारत फिरलात तर चहा मिळेल, उत्तर मिळणार नाही. जानेवारीनंतर जा.

विचारणारा कोण ह्यानं उत्तर बदलतं. पुण्याचं शुद्ध मराठी ऐकलं की इथला माणूस सावरून बसतो आणि दोन शब्दात उत्तर देतो, बेंगळूरचं कन्नड ऐकलं तरी तेच. जवळपासच्या तालुक्यातली, शक्यतो दोन्ही भाषा येणारी पोरं-पोरी घ्या, बायांना बाईनंच विचारावं हे सांगायला नको. आडनावावरनं जात आणि भाषा दोन्ही कळते म्हणून एकाच आडनावाची टीम करू नका. आशाताई बरोबर असली तर दार उघडतं, पण ती शेजारी बसलेली असताना पीएचसीत कसं वागवतात असं विचारलं तर सगळं छान छानच ऐकू येणार. तिनं ओळख करून द्यावी आणि पुढच्या घराला जावं. सुनेचं उत्तर सासू देते हे तर सगळीकडचंच, इथं त्यात भाषेची भर पडते, कन्नड माहेराच्या सुनेसाठी सासू दुभाषी होऊन बसते. तिथं सासूबाईंना दुसऱ्या खोलीत बीपी मोजायला न्यायचं, दोघींचं काम होतं. शाळेतल्या पोराला दुभाषी करू नका, आईच्या पाळीबद्दल त्याला विचारायला लावणं हे बरोबर नाही.

मोजमापाला भाषा आड येत नाही तेवढं सोपं आहे. बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाच्या आकड्याला, भारतीयांसाठी २३ च्या पुढं जास्त वजन आणि २५ च्या पुढं स्थूलता धरतात, कंबर बायांना ८० सेंटीमीटर आणि गड्यांना ९०. जगाचे २५ आणि ३० लावून इथं सगळे फिट आहेत असं लिहू नका. नऊवारीवरनं टेप लावू नका.

परवानगीचं

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, इथिक्स कमिटीशिवाय पाऊल टाकू नका, परदेशी पैसा किंवा परदेशी सहकारी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी वेगळी. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं पत्र आणि ग्रामपंचायतीला आधी भेट. संमतीपत्र दोन्ही भाषेत पाहिजे, उर्दू घरासाठी वाचून दाखवायची तयारी पाहिजे. वर गावाचं नाव काय छापायचं ह्यावरनं अडू नका, २०१४ पासनं सरकारी नाव बेळगावी आहे, कन्नड प्रतीत ते आणि मराठी प्रतीत बेळगाव लिहिलं की कोणी काही म्हणत नाही.

गावात मोठं संशोधन होत नाही असं समजू नका. शहरात जेएनएमसी आणि बिम्स ही मेडिकल कॉलेजं आहेत, आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलची गोळी देऊन बघितलेला अभ्यास इथल्याच खेड्यांत झाला, १६२० बाया, गोळी नर्सबाईंनी दिली, आणि रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरनं ६.४ वर आलं. २००६ ला लॅन्सेटमध्ये छापून आला, आणि २०११ ला ह्या कामासाठी ती गोळी डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली. त्यामुळं काही गावांना सर्व्हे नवीन नाही. मागच्या वेळी रक्त घेऊन गेले त्यांनी रिपोर्ट दिलाच नाही, हे ऐकायची तयारी ठेवा, आणि त्यावर वाद घालू नका.

रिपोर्ट त्याच दिवशी द्या. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन मोजलं की छोट्या चिठ्ठीवर आकडा आणि एक ओळ, ज्याला जी लिपी वाचता येते त्या लिपीत. वाचताच येत नसेल तर घरात कोण वाचतं ते विचारून त्याच्या लिपीत. बीपी १८०/११० च्या पुढं दिसलं तर पाच मिनिटं बसवून परत मोजा, तेवढंच आलं तर फॉर्म बाजूला ठेवून पीएचसीला फोन लावा, आणि छातीत दुखणं, धाप, हातापायाला मुंग्या असलं काही असेल तर थेट १०८. गावाला निष्कर्ष सांगायचे तेव्हा ग्रामसभेत दोन्ही भाषेत सांगा, कुठल्या गल्लीत काय निघालं ते सांगू नका, आणि तुलनेचा तक्ता दाखवणार असाल तर कुठल्या गटाचं नाव वर येतंय ते आधी बघून घ्या, नाहीतर सभा त्यावरच संपते.